ज्यांना शिट्टी ऐकू येत नाही

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाही तर लोक अर्धी गोष्ट ऐकतात आणि मध्येच विचारतात, "पण पोलिसानं शिट्टी मारली तर थांबले काहून नाही?" पहिल्यांदा हा प्रश्न मला सख्ख्या नणंदेनं विचारला, नागपुरात बसून, फोनवर. आता काय बोलावं अशा बाईला! स्वतःच्या भावाचे कान गेलेत हे तिला माहीत नव्हतं असंही नाही.

कान एका दिवसात नाही गेले. ह्यांनी सगळी नोकरी रेल्वेच्या कारखान्यात काढली, जिथे दिवसभर लोखंडावर घण पडतात त्या शेडमध्ये. रिटायर होईस्तोवर आमच्या टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पोचला होता. मग एक दिवस ह्यांनी टीव्ही लावणंच सोडलं. कानाचं मशीन आणलं. ते लावलं की डोक्यात भुंगा शिरल्यासारखं वाटतं म्हणत, आणि काढून डबीत ठेवत. डॉक्टर म्हणाले, नसच गेली आहे, मशीन तरी काय करेल.

मग घरात नवी पद्धत पडली. हे तोंडाकडे बघून समजून घेतात. पण कोणाच्या? माझ्या आणि पोरीच्या. त्यातही मराठीच. घरात जन्मभर तीच बोललेली, त्यामुळे ओठ कसे हलतात ते डोळ्यांना पाठ आहे. परक्या माणसाच्या तोंडावरची हिंदी त्यांना लागत नाही. त्यात रायपुरातल्या निम्म्या पुरुषांच्या तोंडात गुटखा, त्यांचं बोलणं धड कानाच्या माणसालाही कळत नाही. आमची पोट्टी लहानपणापासून मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी. "जेवलीस का?" "हाँ, खा लिया." मी बोलून बोलून थकले. बाप बहिरा झाला तशी ती आपोआप मराठीवर आली, कारण हिंदीत बोलली की हे नुसते बघत राहायचे. मोडकंतोडकं बोलते, पण समोर उभी राहून, तोंड नीट उघडून बोलते. एवढं एकच त्या बहिरेपणातून बरं निघालं.

दुसरी गोष्ट आवाजाची. ह्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे हे बोलतात ते ओरडल्यासारखं. "मीठ दे" म्हटलं तरी बाहेरच्याला वाटावं, नवराबायकोचं जुंपलं. आम्हाला त्याची सवय झाली. पाहुणे मात्र दचकतात.

तर अशा माणसाला उरलं काय? स्कूटर. रोज सकाळी नाश्ता झाला की हेल्मेट घालून हे बूढ़ापारा मोहल्ल्यात जायचे. तिथे ह्यांच्याच शेडमधला जुना सोबती राहतो, त्याच्या ओसरीवर दोघं बुद्धिबळ मांडून बसायचे. त्या खेळात बोलायला लागत नाही, ऐकायला लागत नाही. दुपारी परत यायचे तेव्हा चेहरा बघून मला कळायचं, आज जिंकले की हरले. बाकीचा दिवस घरात खुर्चीवर गप्प. त्या सकाळच्या फेरीवर माणूस उभा होता, हे मी अगदी खरं सांगते. ती फेरी बंद झाली असती तर हे खुर्चीतच संपले असते.

नातेवाईक म्हणत, स्कूटर काढून घ्या. काहून काढून घ्या? मी स्वतः सरकारी ऑफिसात आयुष्य घालवलेली बाई. पोरीला घेऊन आरटीओत गेले, नियम विचारला. घरच्या गाडीसाठी बहिऱ्या माणसाला लायसन मिळतं, कायद्यानं मिळतं. ह्यांनी परत ट्रायल दिली आणि पास झाले. कागद सगळे पक्के. वरून पोरीनं एक पिवळी पट्टी छापून आणली, "चालक को सुनाई नहीं देता", आणि नंबर प्लेटच्या वर चिकटवली. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांनी समजून घ्यावं म्हणून मागच्या बाजूला. पोलीस मागून येत नाहीत, ते समोर उभे राहतात, हे घरातल्या तीन शिकलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

त्या सकाळी सदर बाजाराच्या तोंडाशी चेकिंग लागली होती. मी घरी भाजी निवडत होते. ह्यांच्या बुद्धिबळवाल्या सोबत्याचा फोन आला. "वहिनी, तुम्ही या. घाबरू नका, पण या." अशा फोनवर जो घाबरणार नाही तो माणूस मी अजून पाहिला नाही. पायात एक चप्पल माझी, एक पोरीची, अशी मी ई-रिक्शात बसले. वाटेत मनात काय काय येऊन गेलं ते सांगत नाही.

पोचले तर हे रस्त्याच्या कडेला, एका सराफाच्या बंद शटरसमोर, जमिनीवर बसलेले. मांडीवर हेल्मेट. स्कूटर बाजूला, तिचा आरसा फुटलेला. आणि डाव्या गालावर बोटं उमटलेली. ह्या वयाच्या माणसाच्या गालावर! सोबती त्यांच्या शेजारी उकिडवा बसून होता. ह्यांना यायला उशीर झाला म्हणून तो बघायला निघाला, तर हे असे दिसले.

काय झालं ते तिथे बांगड्यांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईनं सांगितलं. शिपायानं शिट्टी मारली. हे आपले सरळ चालले. पुढे दुसरा उभा होता, त्यानं आडवं येऊन हँडल धरलं आणि चालत्या गाडीची चाबी काढून घेतली. गाडी कलंडली, हे पडले. उठून ह्यांनी विचारलं, "काय झालं साहेब?" आपल्या नेहमीच्या आवाजात. तो म्हणाला, आवाज नीचे. ह्यांना वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून ह्यांनी आणखी जोरात विचारलं. "बबा जोर से गोठियाइस, त झापड़ मार दिस दीदी," ती बाई म्हणाली. म्हातारा मोठ्यानं बोलला म्हणून थोबाडीत दिली. एवढाच गुन्हा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या शिपायाच्या समोर जाऊन उभी राहिले. पंचविशीतला पोरगा असेल, ह्यांची चाबी त्याच्या खिशात.

"किस नियम से चाबी निकाली?"

"मैडम, रोका तो रुके नहीं. ऊपर से चिल्ला रहे थे."

"बहरे हैं वो!"

"तो गाड़ी काहे चला रहे हैं?"

मी ह्यांच्या खिशातून लायसन काढून त्याच्या नाकासमोर धरलं. स्कूटरची मागची पट्टी दाखवली. त्यानं वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग म्हणतो कसा, "हम तो आगे खड़े थे मैडम." बाप्पा! मला त्या क्षणी त्याचा गळाच धरावासा वाटला, आणि त्याच वेळी आमच्या अकलेलाही झोडावंसं वाटलं. मी विचारलं, पट्टी नव्हती असं धरू, तरी हात उचलायचा हक्क कोणी दिला? थांबला नाही तर नंबर लिहून घ्या, चालान घरी पाठवा. चाबी ओढायची नाही, अंगाला हात लावायचा नाही. हे त्यांना शिकवतात की नाही? तो इकडेतिकडे बघायला लागला. माणसं जमली होती. त्यानं चाबी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ले जाइए, चालान नहीं काट रहे." म्हणजे उपकार! कशाचं चालान, हेल्मेट डोक्यात, कागद खिशात.

मी आणखी बोलले असते, पण मागून ह्यांनी माझा पदर धरला. "घरी चाल," म्हणाले. सगळ्या बाजारानं ऐकलं.

त्या दिवसापासून स्कूटर अंगणात उभी. सोबती दोनदा बुद्धिबळाचा डबा घेऊन घरी आला. ह्यांनी सोंगट्या मांडल्या, आणि मग बसून राहिले, डाव सुरूच करेनात. शेवटी तो चहा पिऊन गेला. जाताना दारात मला म्हणाला, "वहिनी, ह्याले कसं तरी करून बाहेर काढा." मी ह्यांच्या समोर बसले, तोंड उघडून सांगितलं, "तुमची काही चूक नव्हती." ह्यांनी मान हलवली. "मले ऐकू येत नाही ना वं. चूक माझीच झाली. त्यानं तरी काय करावं?" मी परत सांगितलं. परत तेच. गालावरचे वळ दोन दिवसांत गेले, पण 'चूक माझीच' हे काही ह्यांच्या डोक्यातून जाईना.

मला मारापेक्षा जास्त ह्याचं लागलं. माणसाला विनाकारण मारलं, आणि तोच म्हणतो माझी चूक! मी ठरवलं, तक्रार करायची. त्या पोराला शिक्षा व्हावी म्हणून नाही, खरंच नाही. वर्दीतल्या कोणीतरी ह्यांच्या समोर उभं राहून म्हणावं, चूक आमची होती. मग ह्यांना पटेल. बायकोचं पटत नाही, वर्दीचं पटेल.

पोरीनं मोबाइलवर कलमं शोधली, मी अर्ज लिहिला. अर्ज कसा लिहायचा म्हणजे तो टेबलावरून पुढे सरकतो, हे मला चांगलं ठाऊक आहे, आयुष्यभर लोकांचे अर्ज दाबणाऱ्यांच्या शेजारीच बसले मी. हे यायला तयार नव्हते. "मले नाही यायचं. ते पुन्हा रागावतील." मी म्हटलं, मी आहे ना. शेवटी पोट्टी समोर जाऊन उभी राहिली, "बाबा, माझ्यासाठी चला." पोरीसाठी तयार झाले. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, लायसन, आरसी, विम्याचा कागद, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवलं. मी म्हटलं, आपण तक्रार करायला चाललो आहोत, आपल्याला कोण विचारणार आहे कागद? तरी ठेवले.

ट्रॅफिक पोलिसांच्या ऑफिसातला साहेब सभ्य निघाला, हे मानावंच लागेल. आम्हाला बसवलं, पाणी मागवलं. अर्ज पूर्ण वाचला. पोरीनं नियम सांगितले तेव्हा मध्ये तोडलं नाही. म्हणाला, बरोबर आहे तुमचं, चाबी काढायची नसते, हात तर अजिबात उचलायचा नसतो. मी ह्यांच्याकडे वळून सगळं तोंडानं सांगत होते, आणि हे दरवाज्याकडे बघत होते. साहेबानं घंटी वाजवली आणि त्या शिपायाला बोलावलं.

तो आत आला. टोपी काढलेला, केस चापून बसवलेले, बाहेरच्या रस्त्यावर दिसला होता त्याच्यापेक्षा कितीतरी लहान. कोणाच्याही घरचा पोरगा वाटावा. साहेब काहीतरी म्हणाला. तो माझ्याकडे वळला. "आंटी, गलती हो गई."

"मुझे नहीं," मी म्हटलं. "इनको बोलो."

आणि बघा, इथे माझी अक्कल कुठे गेली होती? ज्या माणसाला परक्याच्या तोंडावरची हिंदी लागत नाही, त्याच्याशी मी परक्याला हिंदीत बोलायला लावत होते. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की आता माफी मागितली जाणार, आता ह्यांना पटणार. तो पोरगा ह्यांच्या समोर येऊन ताठ उभा राहिला. मान खाली. भरभर काहीतरी बोलला, पाठ केल्यासारखं, कपाळावर आठ्या. मी ऐकलं, तो माफीच मागत होता.

हे खुर्चीवरून ताडकन उठले. दोन्ही हात जोडले. आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो साहेब, चुकलं साहेब. पुन्हा नाही करणार." हात सोडून घाईघाईनं शर्टाच्या आतली पिशवी काढली आणि त्या पोराच्या पुढे धरली.

साहेबानं पेन खाली ठेवलं. त्या पोरानं पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचे डोळे भरून आले, मी पाहिलं. पोरगी उठून बाहेर गेली. मी ह्यांच्या समोर उभी राहिले, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा माझ्याकडे वळवला. "अहो, तो रागावून नाही राहिला. तो माफी मागून राहिला. तुमची."

"माही?" ह्यांना खरं वाटेना. त्या पोराकडे पाहिलं, परत माझ्याकडे. "काहून?"

काहून! मी म्हटलं, त्यानं मारलं ना तुम्हाला. हे म्हणाले, "हव," आणि पिशवी परत शर्टात घातली.

घरी येताना रिक्शात ह्यांनी विचारलं, "त्या पोट्ट्याची नोकरी तर नाही ना गेली?" मी मान हलवून सांगितलं, नाही. तेव्हा ते जरा सैल बसले.

काही दिवसांनी पोरीनं नवी पट्टी आणली आणि स्कूटरच्या पुढेही लावली. सोबत्यानं निरोपावर निरोप पाठवले. शेवटी हे म्हणाले, जाऊ, पण तू माझ्यामागं बस. मला केवढा आनंद झाला! म्हटलं, जिंकले मी. साबुदाण्याची खिचडी डब्यात भरून घेतली दोघा खेळाडूंसाठी. लोकांना सांगत सुटले, बघा, हक्क माहीत असला आणि माणूस भांडला की होतं सगळं. नणंदेला मुद्दाम फोन केला.

निघालो, तर पहिल्याच चौकात ह्यांनी गाडी डावीकडे घेतली आणि उभी केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. हे उतरले, हेल्मेट काढलं, शर्टातून पिशवी काढली, एकेक कागद बाहेर घेतला आणि ट्रॅफिकच्या शिपायासमोर जाऊन दोन्ही हातांनी पुढे धरले. तो बिचारा गाड्यांना हात दाखवण्यात गुंतलेला. "क्या हुआ अंकल? किसने रोका आपको? जाइए, जाइए." ह्यांना कुठे कळतंय! हे तसेच उभे, हात पुढे. मागे गाड्यांची रांग, हॉर्न वाजून राहिले, हे उभे.

मी धावत गेले, समोर उभी राहिले. "कोणी नाही थांबवलं आपल्याला. चला."

"पाहू दे त्याले," हे म्हणाले. "मले शिट्टी ऐकू येत नाही ना. आधीच पाहून घेतलं की मारत नाहीत."

मी त्यांना काय काय सांगायला हवं होतं. की तुमचा हक्क आहे, की न थांबवता कोणी थांबायचं नसतं, की एवढ्यासाठी मी साहेबाच्या टेबलापर्यंत गेले. ज्या बाईनं भर सदर बाजारात शिपायाला नियम विचारला, तीच मी त्या चौकातल्या शिपायाकडे गेले आणि विनवणी केली. "भैया, एक बार देख लीजिए इनका लायसन. नहीं देखेंगे तो ये आगे नहीं जाएंगे."

त्यानं मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. मग कागद हातात घेतले, उलटसुलट केले, मान हलवली आणि परत दिले. ह्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "थँक्यू साहेब!" इतक्या जोरात म्हणाले की सिग्नलवरचे सगळे वळून बघायला लागले. हेल्मेट घातलं, मी मागे बसले, गाडी सुरू झाली. पुढच्या चौकात लांबूनच ट्रॅफिकच्या शिपायाचा पांढरा शर्ट दिसला तशी ह्यांनी परत गाडी डावीकडे घेतली, आणि ह्या वेळी कागद घेऊन मीच आधी खाली उतरले.